बदकाची अंडी, घरचा इन्क्युबेटर आणि जुलैचा पाऊस: पाणी घालू की नको?

कळव्याची_वहिनी
नमस्कार मंडळी. मुरबाडहून सासऱ्यांनी खाकी कॅम्पबेलची बारा अंडी पाठवली आहेत. त्यांची बदकं अंडी घालून चालती होतात, बसायचं नाव नाही. माझ्याकडे पंख्याचा छोटा इन्क्युबेटर आहे, त्यात कोंबडीची पिल्लं एकदा काढली होती. पण बदकाला म्हणे ओल जास्त लागते. इथे तर गॅलरीतले कपडे तीन दिवस वाळत नाहीत. मग मशीनमध्ये पाणी घालायचं का? (पिल्लं मुरबाडलाच जाणार आहेत, कृपया सोसायटीचा विषय काढू नका.)

घणसोली_गाव
एवढं कशाला? गावात कुणाची खुडूक कोंबडी असेल तर तिच्याखाली ठेवा. आमची आजी तेच करायची. पिल्लं डबक्यात शिरली की कोंबडी काठावर नुसती आरडाओरडा करत फिरायची.

कळव्याची_वहिनी
कळव्यात तिसऱ्या मजल्यावर खुडूक कोंबडी कुठून आणू दादा 😄

खारेगावकर
वहिनी, अंडी धुतली नाहीत ना? चिखल असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, बस.

पावसाचं म्हणाल तर बाहेरच्या आकड्यावर जाऊ नका. 28 अंशांची, 85 टक्के ओलीची हवा मशीनमध्ये 37.5 अंशांना तापली की तिची आर्द्रता पन्नाशीवर येते. बदकाला पहिले 25 दिवस 55 ते 60 लागते, म्हणजे पावसाळ्यात एक छोटी वाटी पाणी पुरतं. जानेवारीत याच मशीनला दोन वाट्याही कमी पडतात.

पण खरा हिशेब वजनकाट्यावर. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्या, अंड्यांवर पेन्सिलीने नंबर आणि आजचं वजन लिहा. 25व्या दिवसापर्यंत साधारण 13 टक्के वजन उतरायला हवं. 70 ग्रॅमचं अंडं चौदाव्या दिवशी 65च्या आसपास दिसलं की ठीक. 67वरच अडलं असेल तर पाणी काढा, 62वर गेलं असेल तर वाढवा.

आणि मशीनच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका. माझ्या पहिल्या खेपेला डिस्प्लेवर 37.5 आणि अंड्यांच्या मधोमध ठेवलेल्या तापाच्या थर्मामीटरवर 101.8 फॅरेनहाइट, म्हणजे जवळपास 39! सोळा अंड्यांतून दोन पिल्लं निघाली. थर्मामीटरवर 99.5 दिसायला हवं. आर्द्रतेचा मीटर तपासायचा तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलसर करा आणि मीटरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी 75 दाखवला तर मीटर खरा.

ऐरोली_पक्षीवेडी
आठव्या दिवसापासून रोज दहा मिनिटं झाकण उघडून कोमट पाण्याचा हलका फवारा मारा. बदकीण चरायला उठते आणि ओल्या पंखांनी परत बसते, तसं.

खारेगावकर
ताई, मी दोन खेपा फवाऱ्याशिवाय काढल्या, काही फरक दिसला नाही. बाकी 25व्या दिवशी अंडी फिरवणं बंद, ओल 70च्या वर आणि झाकणाला हात लावायचा नाही. यावर आपलं एकमत.

कळव्याची_वहिनी
आणि वीज गेली तर? आमच्याकडे शुक्रवारी जाते.

खारेगावकर
झाकण बंद ठेवा, वरून चादर टाका, हवेची भोकं मोकळी. दोन-तीन तासांनी काही बिघडत नाही. गार होण्यापेक्षा जास्त तापण्याची भीती बाळगा.

कळव्याची_वहिनी (पाच आठवड्यांनी)
सांगायला आले. आठव्या दिवशी अंधारात बॅटरी लावून पाहिलं, दोन कोरी निघाली, एकात रक्ताचं कडं होतं, म्हणजे आतला जीव गेलेला. पुढे एक थांबलं. वजन चौदाव्या दिवशी जास्तच उतरलं होतं, म्हणून पाणी वाढवलं. काटा नसता तर कळलंच नसतं. उरलेल्या आठांतून सहा बाहेर! एकाने टोच मारली आणि तीस तास तसंच पडून राहिलं. चिमटा दोनदा हातात घेतला, दोनदा ठेवला. शेवटी आपणहून निघालं, ओलं, माझ्या अंगठ्याएवढ्या पायांचं.

ऐरोली_पक्षीवेडी
अभिनंदन! खाली वर्तमानपत्र घालू नका, पाय फाकतात. रबरी जाळी किंवा जुना टॉवेल घाला. आणि इतक्यात पोहायला सोडू नका, आईचं तेल पिसांना लागलेलं नसतं, भिजून गारठतात.

कळव्याची_वहिनी
टॉवेल घातलाय. पाण्याची ताटली मात्र दर अर्ध्या तासाला उपडी. सासरे फोनवर पिल्लांचं नंतर विचारतात, आधी वीजबिल.