रानगुलाबाच्या फळांचे सूप: बिया काढाव्यात का?

प्रश्न: स्वीडनमध्ये आल्यापासून 'न्यूपोनसोप्पा' हे रानगुलाबाच्या फळांचे गोडसर सूप आवडू लागले आहे. ताजी फळे आणून ते घरी करताना बिया काढाव्यात का, आणि शिजवल्यावर क जीवनसत्त्व उरते का?

उत्तर १: बियांभोवतीची बारीक कुसे घशाला खाजतात, त्यामुळे फळ उभे चिरून चमच्याने कोरावे, अथवा शिजलेला गर दाट फडक्यातून दोनदा गाळावा. मला दुसरी रीत सोपी वाटते.

उत्तर २: उष्णतेने क जीवनसत्त्व घटते खरे, परंतु मुळातच संत्र्याहून कितीतरी अधिक असल्याने बऱ्यापैकी उरते; म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात संत्र्यांची आयात आटल्यावर ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांनी वेचलेल्या याच फळांचे सिरप बालकांना दिले जाई.

उत्तर ३: या फळांच्या चूर्णाने सांधेदुखीत थोडा आराम पडल्याचे लहान चाचण्यांत दिसले आहे, मात्र तेवढ्यावर चालू औषध थांबवू नये.