मदत हवी आहे : बडोदा, सरकारी शाळेत कलावर्ग, परवानगी नक्की कुणाची?

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या सरकारी मराठी शाळेत सहावी ते आठवीला चित्रकला-संगीताचे शिक्षकच नाहीत. आमच्या मंडळातले तिघे (एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर, एक तबलजी, एक फाइन आर्ट्सची विद्यार्थिनी) दर शनिवारी विनामूल्य शिकवायला तयार आहेत. दोन शनिवार घेतलेही. शाळेच्या पेटीची पंचमाची (‘प’ची) पट्टी चिकटते, तरी मुलं हलायला तयार नव्हती! इथल्या कीर्तिमंदिरातली (गायकवाड घराण्याचं स्मारक) चित्रकार नंदलाल बोसांची भित्तिचित्रं दाखवायला न्यायचंही ठरलं होतं.

मग मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, वरून लेखी आणा. वरच्या कार्यालयात अर्ज दिला, तीन खेपा झाल्या, उत्तर एकच : ‘संस्था नोंदणीकृत आहे का?’ आमचं मंडळ नोंदणीकृत नाही आणि एवढ्यासाठी ट्रस्ट काढायची इच्छा नाही. पैसे मागत नाही, रंग-कागद आमचेच. पोलीस पडताळणीला तिघांचीही तयारी आहे.

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी 10 दिवस दप्तराविना, स्थानिक कारागीर-कलाकारांसोबत घालवायचे म्हटलंय. त्यात हे बसवता येईल का? शाळा व्यवस्थापन समितीचा (पालक-शिक्षकांची समिती) ठराव पुरतो, की नोंदणीकृत संस्थेचं पत्र लागतंच? गुजरातेत कुणी असं केलं असेल तर अर्जात नेमकं काय लिहिलं होतं?