मदत हवी आहे: ऊसतोड कुटुंबांच्या सर्वेक्षणासाठी नमुना कसा निवडावा?

बोरीबाभळ
माझ्या प्रबंधाचा विषय: हंगामी स्थलांतर आणि ६ ते १४ वयाच्या मुलांची शाळेतली उपस्थिती. क्षेत्र: बीड जिल्ह्यातला एक तालुका. सध्याचा आराखडा: ओळखीची ४ गावं, दर गावात १०० घरं, एकूण ४००. गावात शिरायचं आणि दिसेल त्या घरात विचारायचं. मार्गदर्शक म्हणतात समग्राच्या, म्हणजे तालुक्यातल्या सगळ्या कुटुंबांच्या, १० टक्के नमुना हवाच. तालुक्यात ४० हजारांवर कुटुंबं, ते कसं जमणार? तर, ४०० पुरतील का? याला यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखा) नमुना म्हणता येईल का? मजुरांची नावं मुकादमांकडून (तोडणीच्या टोळ्या जमवणाऱ्यांकडून) घेतली तर चालतील का? काम डिसेंबरात सुरू करायचं आहे.

आकडेमोड
१० टक्क्यांचा नियम कुठून आला देव जाणे, पण दर प्रबंधात असतो. समग्र ४० हजारांचं असो की ४ लाखांचं, ९५ टक्के विश्वासपातळीला (१०० पैकी ९५ वेळा) खऱ्या आकड्यापासून ±५ टक्के फरक चालणार असेल तर आकडा ३८५ च्या आसपासच येतो: १.९६ चा वर्ग × ०.५ × ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग.

हा हिशोब मात्र साध्या यादृच्छिक नमुन्याचा, म्हणजे तालुक्यातली ४०० घरं सगळीकडे विखुरलेली असतील तर. तुमची ४ गावांत कोंबलेली आहेत. एकाच तांड्यावरची घरं बरीच सारखी वागतात. टोळी निघाली की निम्मी वस्ती ओस. दहा घरं विचारून झाली की अकराव्याचं उत्तर साधारण ठाऊक असतं. याचं माप म्हणजे डिझाइन इफेक्ट: १ + (दर गावातली घरं − १) × साम्यांक. साम्यांक म्हणजे एका गावातली घरं एकमेकांसारखी किती, ते सांगणारा आकडा. स्थलांतरासारख्या गोष्टीला साम्यांक ०.१ धरणं अतिशयोक्तीचं नाही. मग १ + ९९ × ०.१ = १०.९. ४०० ला १०.९ ने भागा: हाती आली ३७ घरांइतकी माहिती. फरक ±१६ टक्के!

आता गावं वाढवून बघा. ±७ टक्के चालवून घेतले तर साधा नमुना १९६. दर गावात १० घरं घेतली तर डिझाइन इफेक्ट १.९, म्हणजे ३७३ घरं. बंद घरं आणि नकार १० टक्के धरले की ४१५. ४२ गावं × १० घरं = ४२०. मुलाखती जवळपास तेवढ्याच, वाढतो तो एसटीचा खर्च. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी) मध्येसुद्धा एका समूहातून २२ घरं निवडली होती.

पायवाट
वरच्या हिशोबाशी सहमत. ४२ गावं कशी काढायची ते लिहितो.

२०११ च्या जनगणनेत गावनिहाय कुटुंबसंख्या मिळते. गावं भौगोलिक क्रमाने लावा, म्हणजे निवड तालुकाभर आपोआप पसरते. शेजारी कुटुंबसंख्येची चढती बेरीज मांडा. समजा एकूण ४२,००० आली, तर ४२ ने भागून अंतर १,०००. १ ते १,००० मधला एक यादृच्छिक आकडा घ्या, समजा ६३७. मग ६३७, १,६३७, २,६३७ असे आकडे ज्या गावांच्या बेरजेत पडतील ती गावं तुमची. मोठ्या गावाला मोठी संधी मिळते आणि सगळीकडे १०-१० घरं घेतल्याने ते पुन्हा सम होतं. १,००० पेक्षा मोठं गाव दोनदाही येऊ शकतं. आलं तर त्यातून २० घरं घ्या, बदलू नका.

गावातल्या घरांची यादी हीच खरी मेख. मतदार यादीत माणसं आहेत, कुटुंबं नाहीत. ग्रामपंचायतीची 'नमुना ८' ही नोंदवही घरपट्टीची, त्यात वाटण्या झालेल्या तीन भावांच्या तीन चुली एकच घर म्हणून सापडतात. अंगणवाडीचं कुटुंब रजिस्टर त्यातल्या त्यात बरं. तरी स्वतः फिरून यादी करा: एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, आणि तांडे, शेतातल्या वस्त्या धरून. 'दिसेल ते घर' हा सोयीचा नमुना, यादृच्छिक नाही. त्यात रस्त्याकडेची, दार उघडं असलेली घरं येतात आणि नेमके तांडे गळतात.

यादीत २६० घरं भरली तर अंतर २६. १ ते २६ मधून सुरुवात काढा, मग दर सव्विसावं घर. जनगणनेत त्याच गावाची २०० घरं होती का? मग निवडीची शक्यता (४२ × २०० ÷ ४२,०००) × (१० ÷ २६०) = ०.००७७, भार (१ भागिले शक्यता, म्हणजे हे एक घर किती घरांच्या वतीने बोलतं) १३०. गाव वाढलं नसतं तर भार १०० आला असता. हे आकडे त्याच दिवशी वहीत टिपा, नंतर जुळवता येत नाहीत.

शेवंती
मुकादमाकडून नावं घेऊ नका, निदान टक्केवारी काढण्यासाठी तरी. तो स्वतःच्या टोळीचे कोयते (तोडणीला जाणारी जोडपी) सांगणार. उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) फिटली नाही म्हणून मुकादम बदललेली, गाव सोडलेली कुटुंबं त्या यादीत नसतात. शिवाय उचल घेतलेला माणूस त्याने पाठवलेल्या पाहुण्याला काय सांगेल? सखोल १५-२० मुलाखतींसाठी स्नोबॉल (एकाने पुढच्याचं नाव सुचवायचं) ठीक आहे, तेव्हाही सुरुवात तीन-चार वेगळ्या टोकांनी करा: शिक्षक, आशा सेविका, एखादी परतलेली बाई, दुसऱ्या मुकादमाची टोळी.

आणि डिसेंबर? दसरा-दिवाळीला टोळ्या जातात, मार्च-एप्रिलला परततात. डिसेंबरात जे घरी भेटतील ते न गेलेले! कुलूप लागलेल्या घराऐवजी शेजारचं घर घेतलं की संपलंच, स्थलांतराचं प्रमाण तुम्हीच कमी केलं. मे ते सप्टेंबरमध्ये जा. तेव्हाही घर बंद असेल तर वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या मारा, नाहीच भेटलं तर 'बंद' नोंदवा. बदली घर नाही.

बोरीबाभळ
वेळापत्रक बदलते. दोन शंका: ८०० घरांच्या गावात पूर्ण यादी कशी करायची? आणि जाणाऱ्या व न जाणाऱ्या कुटुंबांची तुलना करायची तर १० घरांत जाणारी दोनच निघाली तर?

पायवाट
मोठ्या गावाचे ओढा, रस्ता अशा ठळक खुणांवरून साधारण १००-१५० घरांचे भाग पाडा. एक भाग घरसंख्येच्या प्रमाणात संधी देऊन निवडा आणि तेवढ्याचीच यादी करा. तांडा वेगळा भाग धरा.

तुलनेसाठी यादी करतानाच एक प्रश्न विचारा: गेल्या हंगामात घरातलं कुणी तोडणीला गेलं होतं का? मग दोन याद्या, दोन्हींतून ५-५ घरं. एका यादीत पाचच्या आत घरं असतील तर असतील तेवढी सगळी घ्या. भार दोन याद्यांचे वेगळे काढा, नाहीतर तालुक्याचं एकूण प्रमाण फुगेल. पण प्रत्येक गटात २१०च घरं उरतात, म्हणून गटवार फरक ±७ पेक्षा मोठा येईल.

आकडेमोड
घरात ६ ते १४ ची तीन मुलं असतील तर समोर बसलेलं निवडू नका, ते बहुधा शाळेत न गेलेलंच असतं. वयाच्या उतरत्या क्रमाने नावं लिहा, चिठ्ठीने एक काढा आणि त्याचा भार तीनने गुणा. मूलच नसलेलं घर लागलं तर तशी नोंद करून पुढे जा. अशी घरं किती निघतात ते आधी दोन गावांत तपासा, त्यावर ४२० चा आकडा वाढवावा लागेल.