समुद्रपक्षी खलाशांना खरोखर जमीन दाखवतात का?

कोथरूडकर आई

आमच्या सोसायटीत उन्हाळ्याच्या सुटीत दर शनिवारी मुलांना एक चित्रपट दाखवतात. गेल्या शनिवारी ‘मोआना’ (2016) दाखवला. घरी येताना माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने जिन्यातच प्रश्नांची सरबत्ती केली. लहानगी मोआना पानाचा आडोसा धरून कासवाच्या पिल्लाला ज्या काळ्या पक्ष्यांपासून वाचवते ते पक्षी कोणते, आणि ते खरेच पिल्ले खातात का? चित्रपटातला रूप पालटणारा नायक माऊई ससाणाच का होतो, समुद्रावरचा एखादा पक्षी का होत नाही? आणि जिथे चहूकडे पाणीच आहे तिथे रात्री पक्षी झोपतो कुठे?

माझी शंका थोडी निराळी आहे. पॉलिनेशियातील, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे, जुने दर्यावर्दी होकायंत्राशिवाय हजारो किलोमीटर जात आणि पक्ष्यांवरून बेट ओळखत, असे मी वाचले आहे. परंतु जो पक्षी स्वतःच शेकडो किलोमीटर भटकतो, त्याच्या दिसण्यावर भरवसा ठेवायचा तरी कसा? आपण पुण्याची माणसे, समुद्र आपल्याला वर्षातून दोन दिवस दिसतो. जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

भिगवणवारी

ताई, तुमच्या शंकेतच उत्तराचा अर्धा भाग आहे. पक्षी दिसला म्हणजे जमीन जवळ आली, असे हे दर्यावर्दी मानत नसत. कोणता पक्षी, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणत्या दिशेला चालला आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच त्याला अर्थ होता. उष्ण कटिबंधातील समुद्रांवर सूटी टर्न हा काळ्या पाठीचा सुरय फार मोठ्या संख्येने आढळतो, पण वाट शोधायला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे, कारण घरट्यातून एकदा उडालेले त्याचे पिल्लू पुढची काही वर्षे जमिनीकडे फिरकतही नाही. अल्बट्रॉसचेही तेच.

उपयोगी ठरतात ते रोज संध्याकाळी घरी परतणारे पक्षी. त्यांत नॉडी हा तपकिरी सुरय आणि पूर्ण पांढरा सुरय हे दोघे मुख्य. हवाईत नॉडीला ‘नोइओ’ आणि पांढऱ्या सुरयाला ‘मनु-ओ-कू’ म्हणतात. ते पहाटे बेटावरून निघतात, दिवसभर मासे धरतात आणि सूर्य कलला की सरळ बेटाचा रस्ता धरतात. दुपारी माशांच्या थव्यावर घिरट्या घालणारा नॉडी काहीच सांगत नाही, पण तोच नॉडी सूर्यास्ताच्या सुमारास पाण्यालगत, न रेंगाळता, एका रेषेत जाताना दिसला तर त्या रेषेच्या टोकाला जमीन असते. पहाटे हे उलटे वाचायचे, म्हणजे तो जिथून आला तिकडे बेट.

याचा फायदा किती, हे आकड्यांत पाहा. नारळाची झाडे असलेले सखल प्रवाळबेट होडीतून फार तर वीस किलोमीटरच्या आतबाहेर दिसते. डेव्हिड लुईस यांनी पॅसिफिकमधील नावाड्यांबरोबर स्वतः प्रवास करून 1972 साली जे लिहिले, त्यानुसार नॉडी आणि पांढरा सुरय बेटापासून साधारण 20 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे 37 किलोमीटरपर्यंत विश्वासाचे. म्हणजे दहा किलोमीटर रुंदीचे बेट नावाड्याच्या लेखी ऐंशीहून अधिक किलोमीटर रुंदीचे होते. द्वीपसमूहात अशी वर्तुळे एकमेकांत मिसळतात आणि सगळा समूह मिळून एक पसरलेले जाळे तयार होते. नावाड्याला नेमके बेट गाठायचे नसते, त्याला आधी या जाळ्यात शिरायचे असते. ताऱ्यांनी आणि लाटांच्या दिशेने जाळ्यापर्यंत आणायचे आणि शेवटचा टप्पा पक्ष्यांनी दाखवायचा, अशी ही विभागणी होती.

नदीकाठ

कासवाच्या पिल्लांचे आणि झोपेचे मी सांगतो, कारण योगायोगाने दोन्ही प्रश्नांत एकच पक्षी येतो. ते काळे पक्षी मला फ्रिगेट पक्षी वाटतात. लांब टोकदार पंख, दुभंगलेली शेपटी आणि चोचीला पुढे आकडा. उजेडी वाळूवर आलेली कासवाची पिल्ले ते वरच्या वर उचलतात, त्यामुळे तो प्रसंग निसर्गाला धरूनच आहे. आपल्याकडे कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर हेच काम कावळे आणि घारी करतात. म्हणूनच तिथे अंडी कुंपणाच्या आत हलवतात, वर टोपल्या झाकतात आणि पिल्ले माणसांच्या देखरेखीखाली पाण्याकडे सोडतात. मुलीला फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला नेले तर मोआनाने पानाचा आडोसा का धरला हे तिला वेगळे सांगावे लागणार नाही.

फ्रिगेट पक्ष्याची खरी गंमत अशी की तो समुद्रावर जगतो पण पाण्यावर बसू शकत नाही. त्याच्या पिसांना पुरेसे तेल नसते, भिजला की उडणे मुश्कील. त्यामुळे तो मासा वरच्यावर टिपतो किंवा दुसऱ्या पक्ष्याला हैराण करून त्याच्या तोंडचा घास पळवतो. हवाईत त्याचे नाव ‘इवा’ आहे आणि त्या शब्दाचा एक अर्थ चोर असा होतो. मग तो झोपतो कुठे? हवेत. गॅलापागोसच्या फ्रिगेट पक्ष्यांच्या डोक्यावर मेंदूच्या लहरी नोंदवणारी छोटी यंत्रे बसवून नील्स रॅटनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी हे तपासले आणि 2016 मध्ये, म्हणजे चित्रपट आला त्याच वर्षी, प्रसिद्ध केले. समुद्रावर असताना हा पक्षी दिवसाला सरासरी 42 मिनिटे झोपतो, तीही तुकड्यातुकड्यांत आणि बहुतेक वेळा मेंदूचा एक अर्धा भाग जागा ठेवून. जमिनीवर आला की मात्र बारा तासांहून अधिक ताणून देतो. हे सगळ्या समुद्रपक्ष्यांना लागू नाही. कुरव (गल), अल्बट्रॉस वगैरे मंडळी खुशाल पाण्यावर तरंगत विसावतात.

पेठेतला वाचक

माऊईबद्दल थोडे. हा नायक हवाईपासून न्यूझीलंडपर्यंत अनेक बेटांवर सांगितला जातो आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या अंगावर निराळी पिसे आहेत. माओरी कथांत तो आईच्या मागोमाग पाताळात जाताना ‘केरेरू’ हे रानकबूतर होतो, आणि आईकडून पळवलेल्या वस्त्रामुळे त्या कबुतराच्या छातीवर पांढरा रंग आला असे सांगतात. अग्निदेवतेकडून विस्तव मिळवण्याच्या कथेत, काही कथनांनुसार, तो ‘काहू’ हा शिकारी पक्षी होऊन पळतो आणि ज्वाळांनी पोळल्यामुळे त्या पक्ष्याची पिसे तांबूस झाली. म्हणजे चित्रपटातला ससाणा पदरचा नाही, त्याला आधार आहे.

परंतु तुमच्या मुलीचा प्रश्न मला फार आवडला, कारण हे सगळे जमिनीवरचे पक्षी आहेत. माझे मत असे की कथेला रूप पालटणारा, बोलका, ओळखीचा पक्षी लागतो, तर नावाड्याला फक्त वेळेवर घरी जाणारा पक्षी लागतो. पडद्यावर हेहेई कोंबडा भाव खाऊन जातो तोही याच कारणाने. पॉलिनेशियन होड्यांतून कोंबड्या, डुकरे, कुत्रे खरोखरच नव्या बेटांवर गेले, पण कोंबडा कोणाला जमीन दाखवत नव्हता, तो जेवणाची सोय होता! समुद्रपक्षी थेट धर्मविधीच्या मध्यभागी आला तो रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटावर. तिथे ओरोंगोच्या कड्यावरून उतरून, पोहत मोतू नुई या खडकाळ बेटावर जायचे आणि सूटी टर्नचे मोसमातले पहिले अंडे आणायचे, अशी स्पर्धा होती. ज्याच्या माणसाला ते मिळे तो त्या वर्षाचा ‘पक्षीमानव’ ठरे. ही प्रथा 1860च्या दशकात बंद पडली. नावाड्याला निरुपयोगी असलेला सूटी टर्न इथे सर्वांत पूज्य ठरला, हे मला विलक्षण वाटते.

उलांडी

भिगवणवारी यांच्या लिखाणात एक भर आणि एक मतभेद. 20 सागरी मैल हा सावध आकडा आहे. हवाईतील आजचे नावाडी पांढऱ्या सुरयासाठी 120 मैलांपर्यंतचे अंतर धरतात आणि नॉडीसाठी 40. दोन्ही आकडे शिस्तीने काम करणाऱ्यांचेच आहेत, तेव्हा मुलीला एकच संख्या पाठ करायला लावू नका. पिल्ले घरट्यात असताना पक्षी परततोच, एरवी तो लांब भटकू शकतो. बेटावर पक्ष्यांची वस्ती किती आहे यावरही पुष्कळ अवलंबून.

दुसरे असे की हे ज्ञान आपण सरसकट ‘पॉलिनेशियन’ म्हणतो ते अपुरे आहे. 1976 मध्ये ‘होकुलेआ’ ही जोडहोडी हवाईहून ताहितीला उपकरणांशिवाय नेणारे माऊ पियाईलुग हे सातावाल बेटाचे, म्हणजे मायक्रोनेशियाचे होते. हवाईत तोवर ही विद्या जवळपास लोपली होती, ती शेजाऱ्याकडून परत शिकावी लागली.

आणि शेजारी कशाला, आपल्या पाली वाङ्मयात पाहा. दीघनिकायातील केवट्ट सुत्तात बुद्ध एक दृष्टांत देतात. सागरी व्यापारी तीर शोधणारा पक्षी गलबतावर ठेवीत आणि किनारा दिसेनासा झाला की त्याला सोडीत. तो पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला, उत्तरेला, वर आणि आडदिशांना फिरून पाही. जमीन दिसली तर तिकडेच निघून जाई, नाही तर गलबतावर परत येई. पद्धत मात्र उलटी आहे. तिथे पक्षी सोबत न्यायचा, पॅसिफिकमध्ये तो समुद्रावरच भेटायचा.

कोथरूडकर आई

सर्वांची मनापासून आभारी आहे. हवेत झोपणारा पक्षी ऐकून मुलीने काल रात्री एक डोळा उघडा ठेवून झोपण्याचा प्रयोग केला, तो सुमारे चार मिनिटे टिकला. तिचा पुढचा प्रश्न असा की बेटावरचे पक्षी संपले तर नावाडी काय करील? शिवाय येत्या रविवारी भिगवणला गेलो तर संध्याकाळी परतणारे पक्षी तिला दाखवता येतील का?

भिगवणवारी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर फारसे सुखाचे नाही. माणसांबरोबर होड्यांतून उंदीरही बेटांवर उतरले, आणि अंडी, पिल्ले जमिनीवर उघडी असलेल्या पक्ष्यांच्या वसाहती कितीतरी बेटांवरून नाहीशा झाल्या. उत्खननात सापडणाऱ्या हाडांवरून हे कळते. अशा बेटाभोवतीचे वर्तुळ आक्रसते आणि नावाड्याला ते बेट पुन्हा डोळ्यांनीच शोधावे लागते. याउलट होनोलुलू शहरात पांढरा सुरय रस्त्याकडेच्या झाडांवर, घरटे न बांधता, नुसत्या फांदीवर एकच अंडे घालतो आणि तिथे त्याचे बरे चालले आहे. 2007 पासून तो त्या शहराचा अधिकृत पक्षी आहे.

भिगवणला मात्र या रविवारी घाई करू नका. उजनीच्या पाण्यावरचे कुरव हिवाळी पाहुणे आहेत, सध्या ते उत्तरेकडे गेलेले असतील. नदी सुरय दिसेल, पण थव्याने मुक्कामाला परतणारे कुरव पाहायचे असतील तर डिसेंबर किंवा जानेवारीत जा, नावाड्याला सूर्यास्तापर्यंत थांबायला आधीच सांगून ठेवा, आणि फरसाण टाकून पक्षी होडीजवळ बोलावू नका असेही बजावा. फरसाणाच्या मागे येणारा कुरव कुठल्या दिशेला राहतो हे कधीच कळत नाही.