मदत हवी आहे: पायटेस्ट म्हणतं 'गुऱ्हाळ' आणि 'गुऱ्हाळ' समान नाहीत

नमस्कार मंडळी,

दोन दिवस डोकं फिरलंय, म्हणून इथं विचारते. कोल्हापूरच्या गूळ अडत्यांसाठी आम्ही हिशोबाचं सॉफ्टवेअर करतो. कुठल्या गुऱ्हाळाचे किती रवे (गुळाच्या ढेपी) आले, सौद्यात काय दर लागला, हमाली-तोलाई वजा जाता शेतकऱ्याची पट्टी किती झाली, एवढंच. ऑफिस राजारामपुरीत, माणसं चार, आणि टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे तुकडे) लिहायच्याच हा हट्ट माझा. त्यामुळं एखादी टेस्ट नापास झाली की तिघंही माझ्याकडं बघतात.

जुन्या फाँटात टाइप केलेली गावांची आणि खातेदारांची यादी आम्ही युनिकोडमध्ये आणून घेतली. ती वाचणाऱ्या फंक्शनवर पायटेस्टमध्ये, म्हणजे पायथन भाषेतल्या टेस्ट चालवणाऱ्या टूलमध्ये, टेस्ट लिहिली. फाइलमधलं नाव आत जातं, बाहेर आलेलं नाव मी टाइप केलेल्या नावाशी ताडायचं. साधं असर्ट (दोन्ही बाजू समान नसतील तर टेस्ट नापास करणारी ओळ), मध्ये दोन बरोबरची चिन्हं. वडणगे पास. पन्हाळा पास. कसबा बावडा पास. 'दऱ्याचे वडगाव' नापास आणि 'गुऱ्हाळ' नापास.

गंमत म्हणजे एररमध्ये डावीकडं गुऱ्हाळ, उजवीकडंही गुऱ्हाळ. काना-मात्रा-उकार सगळं तेच. खाली फरक दाखवणारी टोपीसारखी खूण येते, ती ळ च्या खाली. म्हणून तासभर ळ च्या मागं लागले. पण मग पन्हाळ्यातला ळ कसा चालतो?

मागची-पुढची मोकळी जागा काढून झाली, फाइल यूटीएफ-८ आहे हे बघून झालं, पायटेस्टची आवृत्तीही बदलली. सहकारी म्हणतो, टूलचाच बग आहे, ती टेस्ट स्किप कर आणि पुढं चल. पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याआधी हे चालू करायचंय, त्यामुळं त्याचंही पटतं. पण मनाला रुचत नाही. बग नेमका कुठं आहे, पायटेस्टमध्ये की आमच्यात?

प्रतिसाद १
ताई, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. दोन्ही नावांची लेन फंक्शननं लांबी छापा, मग तीच नावं आस्की फंक्शनमधून काढून इथं टाका.

धागाकर्ती
माझं गुऱ्हाळ ७, फाइलमधलं ८! माझ्याकडं ग आणि उकारानंतर ०९३१ आहे. फाइलमध्ये त्या जागी ०९३० आणि ०९३सी असे दोन.

प्रतिसाद २
सापडलं की मग. ०९३१ म्हणजे एकसंध ऱ. ०९३० म्हणजे आपला साधा र आणि ०९३सी म्हणजे नुक्ता, अक्षराखालचं टिंब. युनिकोडच्या नियमानं 'र अधिक नुक्ता' आणि 'ऱ' ही एकाच अक्षराची दोन रूपं, पडद्यावर हुबेहूब सारखी. पण पायथन स्ट्रिंग (मजकूर) ताडताना एकेक कोड पॉइंट, म्हणजे युनिकोडचा क्रमांक, बघतो, अक्षर बघत नाही. पायटेस्ट बिचारं पायथनला विचारतं आणि त्यानं 'नाही' म्हटलं की तेच सांगतं. जावा आणि जावास्क्रिप्टमध्येही हेच झालं असतं. स्विफ्टमध्ये मात्र ही दोन्ही रूपं समान धरली जातात.

टोपीनं तुम्हाला चकवलं त्याचं कारण वेगळं. ती कोड पॉइंट मोजून जागा ठरवते. टर्मिनलमध्ये उकाराला आणि हलन्ताला स्वतंत्र जागा नसते, म्हणून खूण उजवीकडं सरकते. मराठी स्ट्रिंगच्या बाबतीत त्या खुणेकडं बघूच नये.

उपाय: युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ, एनएफसी प्रकार. एकाच अक्षराची वेगळी रूपं ते एका ठरलेल्या रूपात आणतं. र आणि नुक्ता जोडून ऱ होतो. एक खोच आहे. हिंदी नावांतल्या एकसंध ड़ ला (०९५सी) एनएफसी उलट तोडून ड आणि नुक्ता करतं. म्हणजे अपेक्षित नावही त्याच चाळणीतून काढा, हातानं टाइप केलेल्यावर विसंबू नका.

प्रतिसाद ३
एवढा कुटाणा कशाला? असर्टच्या दोन्ही बाजूंना नॉर्मलाइझ लावा, टेस्ट हिरवी झाली की जेवायला चला. तांबडा-पांढरा थंड होतोय.

प्रतिसाद २
नको हो! टेस्ट हिरवी होईल आणि डेटाबेसमध्ये दोन्ही रूपं तशीच राहतील. नॉर्मलाइझ आयात करणाऱ्या फंक्शनमध्ये आणि नाव भरायच्या फॉर्ममागं लावा. टेस्टमध्ये फंक्शनमधून जे बाहेर येतं ते तसंच ताडा.

धागाकर्ती
तसंच केलं. दोन्ही पास! मग हुरूप येऊन दुसऱ्या अडत्याची यादी घातली, तर त्यातलं 'गुऱ्हाळ' परत नापास. लांबी पुन्हा ८, पण हे ८ वेगळे. ०९३०, हलन्त आणि मग २००डी. या वेळी एररच्या पहिल्याच ओळीत २००डी आकड्यांत दिसलं.

प्रतिसाद २
तो झेडडब्ल्यूजे, न दिसणारा जोडणारा. दिसत नाही म्हणूनच पायथननं तो आकड्यांत लिहून दाखवला. नुक्ता पडद्यावर उमटतो, म्हणून तो तसा लिहिला जात नाही. र, हलन्त, झेडडब्ल्यूजे हीसुद्धा 'ऱ्' लिहायची एक जुनी रीत. एनएफसी तिला हात लावत नाही.

धागाकर्ती
सहकाऱ्यानं तोवर एका ओळीत सगळे झेडडब्ल्यूजे उडवले होते. गुऱ्हाळाचं 'गुर्हाळ' झालं आणि दऱ्याचे वडगावचं 'दर्याचे वडगाव'. करवीर तालुक्यात समुद्र आणला पठ्ठ्यानं.

प्रतिसाद १
झेडडब्ल्यूजे सरसकट उडवायचा नाही. 'र, हलन्त, झेडडब्ल्यूजे' हे तिघं एकत्र दिसले तरच त्यांच्या जागी 'ऱ, हलन्त' ठेवा, आणि त्यानंतर एनएफसी. टेस्टमध्ये तिन्ही रूपं कोड पॉइंटच्या आकड्यांत लिहून ठेवा. अक्षरं टाइप केलीत तर पुढचा माणूस वाचून म्हणेल, एकच नाव तीनदा कशाला?

धागाकर्ती
जमलं! तिन्ही रूपं पास, लांबी सगळ्यांची ७. टेस्ट स्किप करायचा विचारच सोडून दिला.

मग जुना डेटाबेस तपासला. गावांच्या यादीत दऱ्याचे वडगाव दोनदा होतं, एकाखाली एक. एका अडत्याच्या दिवाणजींना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, "होय की, कधीपासनं हाय. आम्हाला वाटलं, एक गावठाण असंल आणि एक वाडी." दोन्हीकडं पट्ट्या निघाल्यात. आता ती खाती एकत्र करायला बसले आहे. त्यासाठी वेगळा धागा काढते.