रोजच्या गाडीला कार्बन फायबरची बाह्य सजावट : मुंबईत कितपत योग्य?

मुलुंडकर
माझी काळी सेदान रोज मुलुंडहून लोअर परळला जाते आणि इमारतीत छताखालची जागा नसल्यामुळे बाराही महिने उघड्यावर उभी असते. आरशांची कव्हरे, डिकीवरचा स्पॉयलर (उंच पट्टी) आणि पुढच्या बंपरखालचा लिप (पुढे आलेली कड) हे तीन भाग खऱ्या कार्बन फायबरचे, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचे कापड रेझिन या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात पक्के करून बनवलेले, बसवावेत, असा माझा विचार आहे. हे साहित्य पोलादापेक्षा हलके आणि मजबूत असते, शिवाय ते गंजत नाही. मग मुंबईच्या दमट हवेत त्याहून योग्य दुसरे काय असणार? घरात मात्र याला उधळपट्टी म्हटले जात आहे. जाणकारांनी आपली मते द्यावीत.

शिवडीचा मेकॅनिकल
माझे मत विरोधी आहे. १९८१ साली मॅक्लारेनने एमपी४/१ ही फॉर्म्युला वन गाडी आणली, तेव्हा तिचा मुख्य सांगाडाच कार्बन फायबरचा होता. वजन कमी करून ताठरपणा वाढवायचा, हा त्यामागचा हेतू होता. आरशाच्या कव्हराला असे कोणते काम असते? मूळ कव्हर एबीएस प्लास्टिकचे असते, त्यामुळे वाचले तर काही ग्रॅम वाचतील. आणि तुम्ही मूळ कव्हरावर चिकटवण्याचा प्रकार घेतलात, तर वजन उलट वाढेल. तुलना पोलादाशी करूच नये, कारण तुम्ही पोलादाचा कोणताही भाग काढत नाही आहात.

लिपबद्दल अधिक स्पष्ट बोलतो. बंपर सहसा पॉलिप्रोपिलीनच्या मिश्रणाचा असतो. तो दबतो, वाकतो आणि पुष्कळदा पूर्ववत होतो. कार्बन फायबर वाकत नाही, मर्यादा ओलांडली की तडकते आणि त्याच्या तुटलेल्या कडा सुरीसारख्या धारदार असतात. सोसायटीच्या उतारावरून रस्त्यावर उतरताना, मोजमाप न पाहता बांधलेल्या गतिरोधकांवर, किंवा पावसात पाण्याखाली दडलेल्या खड्ड्यात गाडीचा सर्वांत आधी घासला जाणारा भाग हाच असतो, हे मुंबईत गाडी चालवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

पार्लेकर
शिवडीकरांचे लिपबद्दलचे म्हणणे मान्य आहे, पण बाकीच्या विवेचनाशी मी सहमत नाही. गाडीवरच्या प्रत्येक वस्तूने वजन वाचवले पाहिजे, हा नियम कोणी केला? अलॉय चाके घेणारे बहुतेक लोक ती रूपासाठीच घेतात आणि त्यांना कोणी हिशेब विचारत नाही. चांगल्या ट्विल विणीच्या (तिरप्या रेषा दिसणाऱ्या विणीच्या) भागावर ऊन तिरपे पडते, तेव्हा त्याला जी खोली येते ती कार्बनची नक्कल छापलेल्या विनाइलच्या चिकटपट्टीला येत नाही.

मात्र घेताना नीट पारखून घ्यावे. बाजारात ‘खरे कार्बन’ म्हणून विकला जाणारा बराच माल ‘वेट कार्बन’ असतो, म्हणजे हाताने रेझिन लावून बनवलेला. त्यात अनेकदा खाली फायबरग्लास आणि वर दिसण्यापुरता कार्बनच्या कापडाचा एकच थर असतो. ‘ड्राय कार्बन’मध्ये रेझिन आधीच भिनवलेले कापड उष्णतेने आणि दाबाने पक्के केलेले असते. तो माल हलका व महाग असतो. कुर्ल्याजवळच्या सीएसटी रोडवर गाड्यांच्या सामानाची दुकाने आहेत, तिथे भाग उलटा करून आतली बाजू पाहावी. आत फायबरग्लासची पांढुरकी, खरखरीत जाळी दिसली, तर ड्राय कार्बनची किंमत मोजण्याचे कारण नाही.

वरळी सी-फेस
‘गंजत नाही’ हे अर्धेच खरे आहे. कार्बन स्वतः गंजत नाही, पण तो विद्युतवाहक असल्यामुळे खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियमला थेट टेकला तर त्या ॲल्युमिनियमला झपाट्याने गंजवतो. आमच्या भागात भरतीच्या दिवसांत समुद्राचे तुषार रस्त्यावर येतात. म्हणून स्पॉयलर स्क्रूने बसवणार असाल तर स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि धातू व कार्बन यांच्यामध्ये रबराचा किंवा प्लास्टिकचा थर असावा.

दुसरा शत्रू ऊन. कार्बनच्या धाग्याला त्याने फारसे काही होत नाही. इपॉक्सी रेझिन मात्र अतिनील किरणांनी पिवळे पडते आणि पुढे पांढुरके होते. वरचा पारदर्शक थर अतिनील किरण रोखणारा नसेल, तर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी तो माल बाद समजावा. शिवाय मे महिन्यात काळा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे सहज तापतो, आणि कमी तापमानाला पक्के केलेले स्वस्त रेझिन त्या सुमारास मऊ पडू लागते. मग विणीचे उंचवटे वर उमटतात. यात भर म्हणून पहाटे गाड्या पुसणारा माणूस एकाच बादलीत बुडवलेले फडके दहा गाड्यांवरून फिरवतो. त्याचे ओरखडे काळ्या चकचकीत थरावर जितके दिसतात, तितके पांढऱ्या रंगावर कधीच दिसत नाहीत.

पार्लेकर
या साऱ्यावर उपाय आहेत. अतिनीलरोधक पॉलियुरेथेनचा क्लिअर कोट (पारदर्शक थर) द्यावा आणि त्यावर पीपीएफ, म्हणजे रंग जपणारी पारदर्शक फिल्म, लावावी. मूळ रंगाचीही निगा राखावीच लागते.

शिवडीचा मेकॅनिकल
म्हणजे आधी महाग भाग घ्यायचा आणि मग त्याला जपण्यासाठी आणखी खर्च करायचा. आरसे तर या शहरात दुचाकीस्वारांसाठीच लावलेले असावेत, इतक्या वेळा त्यांना धक्का लागतो. मूळ कव्हर खरचटले तर कुठलाही पेंटिंगवाला रंग जुळवून देतो. तुटलेली वीण अशी जुळवता येत नाही, तिथे भागच बदलावा लागतो.

माहीम खाडी
विम्याची बाजू कोणीच मांडलेली नाही. कंपनीने न बसवलेली सजावट पॉलिसीत नोंदवून तिचा वाढीव हप्ता भरला नसेल, तर नुकसानीच्या वेळी तिची किंमत मिळत नाही. घसाऱ्याच्या प्रचलित तक्त्यात प्लास्टिकच्या भागांना ५० टक्के आणि फायबरग्लासला ३० टक्के कपात आहे. कार्बन फायबर कशात धरणार, हे कंपनीकडून आधीच लेखी घ्यावे. कायद्याचे म्हणाल, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा रोख उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांत फरक पाडणाऱ्या बदलांवर आहे. त्याच आकाराच्या कव्हराला त्यामुळे अडचण येईल असे मला वाटत नाही, परंतु बाहेर डोकावणाऱ्या धारदार लिपचे समर्थन मी तरी करणार नाही.

मुलुंडकर
सर्वांचे आभार. लिपचा विचार मी सोडला आहे. आरशांबाबत शिवडीकरांचे म्हणणे पटते, पण मन मानत नाही. स्पॉयलर मात्र घेणारच. तो डबल टेपने बसवावा की स्क्रूने?

वरळी सी-फेस
टेपने बसवावा. डिकीच्या पत्र्याला भोक पाडले की तिथला रंगाचा थर तुटतो आणि पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावा, टेप नावाजलेल्या कंपनीची घ्यावी आणि पुढचा एक पूर्ण दिवस गाडी धुऊ नये. हे काम जून उजाडण्यापूर्वी करावे, कारण ओलसर पत्र्यावर टेप नीट धरत नाही.

शिवडीचा मेकॅनिकल
आणि पुसणाऱ्याला त्या भागासाठी वेगळे मायक्रोफायबर द्यावे. तो ते वापरेल की नाही, हा प्रश्न निराळा.