नव्या बंगल्यातील गळती, क्षार आणि पश्चिमेचे ऊन: नूतनीकरणाची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न: गच्चीवरची_तुळस (लातूर)

सर्वांना नमस्कार. लातूर शहराबाहेर आम्ही दोन वर्षांपूर्वी एक तयार बंगला विकत घेतला. खाली इटालियन मार्बल, दुप्पट उंचीची बैठक, तिच्या पश्चिमेला १८ फूट उंचीची काचेची भिंत, प्रत्येक शयनगृहाला स्वतंत्र स्नानगृह आणि पुढे हिरवळ, असे घर पाहताक्षणीच आवडले आणि आयुष्यभराची बचत आम्ही त्यात घातली. राहायला आल्यावर मात्र एकेक गोष्ट समोर येऊ लागली.

वरच्या स्नानगृहातील छताएवढ्या मोठ्या शॉवरची छिद्रे वर्षभरातच क्षारांनी बुजली. माझी मुलगी दर रविवारी स्टुलावर चढून शिवणाच्या सुईने एकेक छिद्र मोकळे करते. काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर तांब्या क्षणभर ठेवला तरी पांढरे कडे उमटते आणि ते पुसून जात नाही. बोअरच्या पाण्याची तपासणी करून घेतली, तेव्हा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) १४०० आणि एकूण कठीणपणा ७२० मिलिग्रॅम प्रतिलिटर निघाला. यंदा जानेवारीपासून त्याच स्नानगृहाखाली, जेवणाच्या टेबलावरच्या फॉल्स सीलिंगवर पिवळट डाग पडला असून तो आता परातीएवढा झाला आहे. पोर्चच्या फरशीत आणि जोत्याच्या कडेला पडलेल्या भेगेत दहा रुपयांचे नाणे उभे राहते. एप्रिल ते जून दुपारी तीननंतर बैठकीत वातानुकूलन चालू असूनही बसवत नाही. सासूबाई उशी घेऊन मागच्या पडवीतल्या शहाबादी फरशीवर जाऊन पडतात.

आमच्या इंटिरियर डिझायनरने २२ लाखांचे अंदाजपत्रक दिले आहे. त्यात नवे फॉल्स सीलिंग, भिंतींना दगडी आवरण, स्वयंचलित पडदे आणि स्वयंपाकघर व बैठक यांच्यामधील भिंत काढून दोन्ही एकत्र करणे, ही कामे आहेत. पैसे एकदाच खर्च करता येणार आहेत. आधी काय करावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर: ओळंबा (नांदेड)

ताई, सरकारी बांधकामांवर ३० वर्षे काढल्यानंतरच्या अनुभवावरून लिहीत आहे. अंदाजपत्रकातील एकाही कामाला आज हात लावू नका. डागाचे कारण सापडण्याआधी नवे सीलिंग लावले, तर पाणी त्याच्या मागे साचत राहील आणि डाग दिसेल तेव्हा स्लॅबमधील सळईला गंज लागलेला असेल.

माझा एक प्रश्न आहे. शॉवरला जोर नाही म्हणून आपण नंतर प्रेशर पंप बसवला होता का? गच्चीवरची टाकी शॉवरपेक्षा तीन मीटर उंच असेल, तर नळाला जेमतेम ०.३ बार दाब मिळतो, कारण एक बार दाबासाठी सुमारे १० मीटर उंची लागते. पंप तोच दाब दीड ते दोन बारपर्यंत नेतो. चांगली सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिकची) नळी हा दाब सहज सोसते; परंतु भिंतीत एखादा सांधा घाईत जोडलेला असेल, तर इतके दिवस गप्प असलेला तो सांधा पंप लागल्यानंतर झिरपू लागतो.

आता तपासणी अशी करावी. पंप बंद करून त्या स्नानगृहाकडे जाणारा व्हॉल्व्ह चार दिवस पूर्ण बंद ठेवा. त्या दिवसांत आंघोळीसाठी दुसरीकडून बादलीने पाणी आणून तेथेच आंघोळ करा. डाग वाळू लागला, तर दोष दाबाखालच्या नळीत आहे. तो तसाच ओला राहिला, तर दोष फरशीत, नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतील पाणी जाण्याच्या तोंडाखालच्या भांड्यात) किंवा सांडपाण्याच्या नळीत आहे. मग ट्रॅपचे तोंड गोळ्याने बुजवून दीड-दोन इंच पाणी साठवावे, पातळीवर पेन्सिलीने खूण करावी आणि २४ तासांनी पाहावे. हे दोन प्रयोग न करता जो मिस्त्री "सगळी फरशी काढावी लागेल" असे सांगतो, त्याच्या हाती पहार देऊ नका.

पोर्चमधील भेगेविषयी. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आपण जोत्याला लागून हिरवळ केली असून तिला रोज पाणी घालत असणार, म्हणजे कडेची माती फुगलेली आणि घराखालची कोरडी, अशी ओढाताण तेथे चालू आहे. हिरवळ जोत्यापासून निदान दीड मीटर मागे न्यावी, त्या पट्ट्यातील काळी माती काढून मुरूम दाबून भरावा आणि वर बाहेरच्या बाजूला उतार देऊन कोबा करावा. काळ्या मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइलचा (खाली फुगीर बूड असलेल्या खोल खांबांचा) पाया विकसित केला, तो आपल्या घराला आहे की साधा, हे नकाशावरून पाहून घ्या. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसने काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून शेजारी तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भेग अजून वाढते आहे, असे समजावे आणि तोवर ती बुजवू नये.

भिंत काढण्याबाबत स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी संमती असल्याशिवाय निर्णय घेऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात काय झाले, ते पाहिलेला माणूस हे लिहीत आहे.

उत्तर: हौदाकाठ (छत्रपती संभाजीनगर)

पाण्याच्या बाबतीत आपल्यासारखीच स्थिती आमची होती. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. आपले पाणी त्याच्याही पुढे आहे. यावर सॉफ्टनर हाच उपाय आहे, मात्र तो काय करतो हे नीट समजून घ्यावे. त्यातील रेझिन (बारीक कृत्रिम मणी) पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते व बदल्यात सोडियम सोडते. त्यामुळे क्षारांचा थर बसणे थांबते, पण टीडीएस कमी होत नाही. म्हणून पिण्यासाठी वेगळे आरओ लागतेच, आणि सॉफ्टनरचे पाणी झाडांना घालू नये. आम्ही पहिल्या वर्षी ही चूक केली आणि मोगऱ्याची सहा झाडे गमावली. रेझिन मिठाच्या पाण्याने धुतल्यावर निघणारे खारे पाणीही शोषखड्ड्यात न सोडता थेट गटाराला जोडावे. बागेसाठी बोअरची नळी सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढून घ्यावी. हे काम भिंती रंगवण्यापूर्वीच करता येते.

गिझरचे तापमान ५० ते ५५ अंशांवर ठेवावे, कारण पाणी जितके तापते तितके क्षार जास्त बसतात. एक कळकळीची विनंती आहे: डाग काढण्यासाठी कोणी अ‍ॅसिड आणले, तर त्याला मार्बलच्या जवळही येऊ देऊ नका. मार्बल म्हणजे मुळात चुनखडीच असल्याने लिंबू, चिंच किंवा ताक सांडले तरी त्याची चकाकी जाते.

आणखी एक गोष्ट लातूरकरांना सांगण्याची गरज नसावी, पण घराच्या नकाशात ती क्वचितच दिसते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आपल्या शहराला पाणी आणावे लागले होते. २००० चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे १८६ चौरस मीटर. ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी एक लाख लिटरांहून अधिक पाणी पन्हाळीतून वाहून जाते. सगळे साठवता येणार नाही, परंतु २० हजार लिटरांचा हौद पोर्चखाली बसतो. हे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते. पोर्चची फरशी तुम्ही उखडणारच असाल, तर हौदाची हीच वेळ आहे.

उत्तर: माळवद (धाराशिव)

मी वास्तुविशारद आहे. आपल्या बैठकीत स्वयंचलित पडदे लावून काहीही साधणार नाही, कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्यावर पडून तेथेच तापते. ते बाहेर अडवले पाहिजे. पश्चिमेला नुसते छज्जेही कामाचे नाहीत, कारण मावळतीचे ऊन आडवे येते. शिवाय जूनमध्ये आपल्याकडे सूर्य ठीक पश्चिमेला न मावळता सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकलेला असतो. काचेपासून दोन फूट बाहेर लोखंडी चौकट उभारून तिच्यात भाजक्या मातीची जाळी किंवा उभ्या पट्ट्या बसवाव्यात आणि काचेच्या अगदी वरच्या भागात उघडणारी झडप करावी, म्हणजे वर साचलेली गरम हवा रात्री निघून जाईल. मोठा खर्च करण्यापूर्वी या उन्हाळ्यात बाहेरून बांबूच्या चिका (काड्यांचे पडदे) टांगून पाहा. दोन-तीन हजारांत अंदाज येईल.

गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीच्या तुकड्यांचा थर द्यावा. आपली जुनी माळवदाची (मातीच्या सपाट छताची) घरे उन्हाळ्यात थंड असत, हे आठवून काही जण स्लॅबवर मातीचा जाड थर देण्याचा सल्ला देतात. तसे करू नये. किल्लारीत दगड-मातीच्या भिंती आणि वरचे जड माळवद कोसळल्यानेच फार मोठी प्राणहानी झाली.

स्वयंपाकघर उघडे करण्याविषयी माझे मत स्पष्टपणे विरोधी आहे. ज्या घरात रोज तव्यावर मिरच्या भाजून ठेचा होतो, त्या घरात तो ठसका भिंतीपलीकडे थांबलेलाच बरा. भिंत ठेवून तिच्यात सरकती खिडकी करावी.

गच्चीवरची_तुळस (लातूर), बारा दिवसांनंतर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ओळंबा काका, आपला अंदाज खरा ठरला. शॉवर बारीक झाला म्हणून दिवाळीत आम्ही पंप बसवला होता; पाण्याचा जोर कमी नव्हताच, छिद्रे बुजलेली होती, हे आता समजते. व्हॉल्व्ह बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी डागाची कड वाळू लागली. टाइल्स न फोडता, प्लंबरने पलीकडच्या खोलीतील कपाटाची मागची फळी काढून भिंत तेथून उघडली. मिक्सरला (गरम-गार पाण्याच्या नळाला) जोडलेल्या पितळी एल्बोच्या (वळणाच्या तुकड्याच्या) सांध्याभोवती चुन्याचा बोटभर जाड पांढरा गोळा साठला होता. तो सोलून काढताच आतून पाण्याची बारीक चिळकांडी माझ्या मनगटावर आली. दीड हाताची भिंत, एक सांधा आणि अर्धा दिवस इतकेच काम निघाले. डिझायनरचे सीलिंगचे काम मी थांबवले आहे. सॉफ्टनर आणि पोर्चखालचा हौद यांची दरपत्रके मागवली आहेत. चिका परवा टांगल्या. काल चार वाजता सासूबाई बैठकीत भाजी निवडत बसल्या होत्या.

भिंत आता बंद करून घ्यावी का?

ओळंबा (नांदेड)

लगेच नको. नवीन सांधा पंप चालू ठेवून आठ दिवस उघडा पाहा, रोज सकाळी त्याखाली कोरडा कागद ठेवा. भिंत बंद करताना तेथे प्लास्टर न करता स्क्रूने उघडणारी फळी लावा आणि कपाटाच्या आत नळ्यांचा नकाशा चिकटवून ठेवा. सीलिंगचा भिजलेला भाग कापून टाका आणि स्लॅब उघडाच राहू द्या. मृगाचे दोन मोठे पाऊस होऊन गेल्यावर गच्चीकडूनही ओल येत नाही याची खात्री झाली, की मग डिझायनरला बोलवा.